वऱ्हाडातील प्राथमिक शाळा आणि संगणक-साक्षरता

वऱ्हाडच्या भूमीला शिक्षणाची ओढ नवी नाही. ज्यांनी स्वतः शाळेची पायरी चढली नाही, त्या संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. पोटाला चिमटा घ्यावा, पण मुलाला शाळेत घालावे, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा होता. त्याच जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. त्या काळी प्रश्न अक्षरओळखीचा होता. ज्याला सातबारा वाचता येत नाही त्याची जमीन सुरक्षित नाही, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले होते. आज तो सातबारा संगणकात गेला आहे. त्यामुळे अक्षरओळखीच्या जोडीला यंत्रओळखीचा प्रश्नही उभा राहिला असून त्याचा विचार प्राथमिक शाळेपासूनच करणे अगत्याचे झाले आहे.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. संगणकशास्त्राचा अधिकार त्याच्याकडे नाही. परंतु माहिती खात्याच्या कामानिमित्त अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील गावे पाहण्याचा योग वारंवार येतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील एका गावी पाहिलेला प्रसंग येथे नमूद करावासा वाटतो. एक वृद्ध शेतकरी कपाशीच्या शेतात बांधावर उभा होता. शेजारी चौथीतला नातू मोबाइल हाती घेऊन ई-पीक पाहणी नोंदवीत होता. ‘‘आबाजी, आता फोटो काढू काय?’’ नातवाने विचारले. आजोबा म्हणाले, ‘‘हाव बापू, काढ. त्या कळा तूच दाब, मले त्यातलं काही समजत नाही.’’

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणीची ही पद्धत सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने आपणच करावी, हा तिचा हेतू. परंतु अनेक घरांत ती नोंद प्रत्यक्षात नऊ-दहा वर्षांची मुले करीत असतात. पिकाची नोंद, बँकेचा संदेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारचा क्रमांक अशा सर्व बाबतीत घरातील लहान मूल हेच कुटुंबाचा कारकून होऊन बसले आहे. मात्र या कारकुनाला कोणीही काही शिकविलेले नाही. उद्या एखाद्या भामट्याने बँकेचा अधिकारी म्हणून फोन केला आणि मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक विचारला, तर तो क्रमांक वाचून दाखविणारे मूलच असेल; कारण घरात वाचता येते ते त्यालाच. वर्षभराच्या कापसाचे पैसे त्या एका वाचनात जाऊ शकतात. संगणक-साक्षरता ही शहरी हौस नव्हे, ती शेतकरी कुटुंबाच्या संरक्षणाची बाब आहे, हे यावरून ध्यानी यावे.

थोडा पूर्वेतिहास

लहान मुलांना संगणक शिकवावा ही कल्पना आपण समजतो तेवढी अलीकडची नाही. अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ नावाची भाषा खास मुलांसाठी तयार केली. पडद्यावरील एका कासवाला ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा देऊन मुलांनी आकृत्या काढावयाच्या, अशी तिची रचना होती. यंत्राने मुलाला शिकवावे यापेक्षा मुलाने यंत्राला शिकवावे आणि त्या ओघात आपली विचार करण्याची रीत तपासावी, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता.

आपल्या देशात १९८४ मध्ये ‘क्लास’ या नावाने ओळखला जाणारा शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यात निवडक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांतील तरुणांपर्यंत व शासकीय कर्मचाऱ्यांपर्यंत संगणक नेला. परंतु हे दोन्ही उपक्रम मोठ्या मुलांसाठी व प्रौढांसाठी होते. समग्र शिक्षा योजनेतील माहिती-तंत्रज्ञानाचा भागही सहावी ते बारावी या वर्गांसाठीच आहे. परिणामी पहिली ते चौथीच्या शाळेत जे यंत्र दिसते ते बहुधा लोकवर्गणीतून, एखाद्या दात्याकडून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून आलेले असते. त्याच्या देखभालीची तरतूद मात्र क्वचितच आलेली असते.

असे असूनही प्राथमिक शिक्षकांनी या क्षेत्रात स्वयंस्फूर्तीने मोठे काम केले आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल शाळेचा प्रयोग केला. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर अशा शाळा उभारण्याची चढाओढच गावागावांत लागली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत छापून त्याद्वारे ध्वनी व चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचविल्या. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही हे संकेत आले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. करोनाच्या साथीत, जुलै २०२० पासून, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका दाखविण्यात आली; कारण ज्या घरात इंटरनेट नव्हते त्या घरात दूरचित्रवाणी तरी होती.

हा सारा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. यांतील बहुतेक उपक्रमांत संगणक हे अन्य विषय शिकविण्याचे साधन होते. कविता ऐकणे, गणिताची चित्रफीत पाहणे, पाढे म्हणवून घेणे हे सर्व उपयुक्त आहेच. पण त्यातून संगणक म्हणजे काय, तो कसा काम करतो, त्याच्यावर विश्वास कोठवर टाकावा, हे मुलाला कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च प्राथमिक वर्गांपासून कोडिंगचा, म्हणजे यंत्रासाठी आज्ञावली लिहिण्याचा, पुरस्कार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचार या विषयांची ओळख करून देण्याचे जाहीर केले. म्हणजे हा प्रश्न आता प्राथमिक शिक्षकाच्या दाराशी येऊन ठेपला आहे.

हरिसालचा धडा

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना मेळघाटच्या अरण्यात हरिसाल हे गाव लागते. धारणी तालुक्यातील, मुख्यतः कोरकू वस्तीचे हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून घोषित झाले. राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने तेथे इंटरनेट, दूरवैद्यक सेवा, शाळेतील संगणकीय सुविधा असा कार्यक्रम हाती घेण्यात आला. कुपोषणाच्या बातम्यांसाठीच ज्या मुलखाचे नाव वृत्तपत्रांत येत असे, तेथील एका गावाची ओळख तंत्रज्ञानासाठी व्हावी, यामागील कल्पकता नाकारता येणार नाही. पुढील काही वर्षांत या गावी जोडणी व देखभाल कितपत टिकली याविषयी जाहीर चर्चाही झाली, आणि ती होणे योग्यच होते.

या अनुभवाचा बोध केवळ मेळघाटापुरता नाही. यंत्र बसविणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. ते चालू ठेवणे ही दररोजची. डोंगराळ भागात पावसाळ्यात वीज जाते, तारा तुटतात, मोबाइलचे मनोरे मुके होतात. अकोल्याच्या बाजूस उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, पत्र्याच्या खोलीतील यंत्रे त्या तापमानात तग धरीत नाहीत, आणि विजेच्या कमी-अधिक दाबाने जळतात. म्हणून ज्या अभ्यासक्रमाचा पहिलाच पाठ ‘संगणक सुरू करा’ या वाक्याने सुरू होतो, तो अभ्यासक्रम आपल्या बहुसंख्य शाळांत पहिल्याच पाठाला अडणार. आरंभ यंत्राविना करावयास हवा. सुदैवाने तो तसा करता येतो, इतकेच नव्हे तर तज्ज्ञांच्या मते लहान वयात तोच अधिक योग्य ठरतो.

यंत्राविना संगणक

न्यूझीलंडमधील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकशास्त्रातील मूलभूत कल्पना खेळांच्या रूपाने, संगणकाला हात न लावता शिकविण्याची पद्धत १९९० च्या दशकात विकसित केली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकमाला तयार झाली. एसीएम इंडिया या संगणक-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला, त्याचाही भर यंत्राविना शिकविण्यावर आहे. खडू, फक्की, तराजू आणि पुठ्ठ्याचे तुकडे एवढ्या साहित्यावर करता येण्याजोगे चार पाठ वऱ्हाडातील शिक्षकांच्या सोयीसाठी येथे देत आहोत.

पाठ पहिला : आज्ञांचा खेळ (पहिली-दुसरी). शाळेच्या पटांगणात फक्कीने पाच गुणिले पाच असे पंचवीस चौकोन आखावेत. एका चौकोनात संत्रे ठेवावे. एक मूल ‘यंत्र’ होईल, दुसरे ‘आज्ञाकर्ते’. आज्ञा तीनच : ‘एक घर पुढे’, ‘उजवीकडे वळ’, ‘डावीकडे वळ’. आज्ञाकर्त्याने संत्र्यापर्यंत पोहोचण्याच्या सर्व आज्ञा आधी पाटीवर लिहाव्यात व मगच वाचाव्यात. यंत्राने सांगितले तेवढेच करावे, आपली अक्कल चालवू नये. बहुतेक मुलांचे यंत्र पहिल्या खेपेस आखणीबाहेर जाते आणि वर्ग हसतो. येथेच शिक्षकाने थांबावे आणि चूक नेमकी कितव्या आज्ञेत आहे ते मुलांकडूनच शोधून घ्यावे. आपल्या मनात काय होते हे यंत्राला कळत नाही, आपण काय सांगितले तेवढेच कळते, हा संगणकाचा पहिला नियम मुलाच्या अंगात अशा रीतीने मुरतो. पुढे ‘एक घर पुढे, उजवीकडे वळ’ ही जोडी चार वेळा करावयास सांगावी. यंत्र मूळ जागी, मूळ दिशेस तोंड करून परत येते. तीच आज्ञा पुन्हा पुन्हा न लिहिता ‘चार वेळा’ एवढेच लिहिले तरी भागते, हे मुलांना आपोआप सुचते.

पाठ दुसरा : पाच पुठ्ठे (तिसरी). पाच पुठ्ठ्यांवर डावीकडून उजवीकडे १६, ८, ४, २, १ असे आकडे लिहावेत व पाच मुलांच्या हाती द्यावेत. ज्या मुलाचा आकडा हवा त्याने उभे राहावे, नको त्याने बसावे. तेरा ही संख्या दाखवावयाची तर आठ, चार आणि एक ही मुले उभी राहतील. उभ्यास १ व बसलेल्यास ० लिहिले की फळ्यावर ०११०१ उमटेल. या पाच मुलांत शून्यापासून एकतीसपर्यंतची प्रत्येक संख्या बसते, आणि प्रत्येक संख्या एकाच रीतीने बसते. संगणकाच्या आत विजेच्या ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन अवस्थांखेरीज काही नसताना तो सगळी गणिते, अक्षरे व चित्रे कशी सांभाळतो, याचे कोडे येथे उलगडते. एक मूल वाढवून बत्तीसचा पुठ्ठा दिला तर किती संख्या मांडता येतील, हा प्रश्न घरी विचार करण्यासाठी द्यावा.

पाठ तिसरा : संख्या ओळखा (तिसरी-चौथी). शिक्षकाने एक ते शंभरमधील एक संख्या मनात धरावी. मुलांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे प्रश्न विचारावेत. आरंभी मुले ‘सत्तावीस आहे का?’, ‘चाळीस आहे का?’ असे अंधारात दगड मारतात. मग एखादे मूल विचारते, ‘पन्नासपेक्षा मोठी आहे का?’ आणि निम्मे आकडे एका फटक्यात गळतात. उरलेल्यांचे दर वेळी असेच दोन भाग करीत गेल्यास सात प्रश्नांत कोणतीही संख्या सापडते. एक ते हजारपर्यंत वाढविले तरी दहा प्रश्न पुरतात. मात्र हे साधते ते संख्या क्रमाने लावलेल्या असतात म्हणून. शब्दकोशात शब्द किंवा मतदारयादीत नाव पटकन सापडते ते क्रमामुळेच. विस्कळित दप्तरात तेच काम तासन्‌तास चालते, हा भाग आम्हा कार्यालयीन मंडळींनीही शिकण्यासारखा आहे.

पाठ चौथा : संत्र्यांची प्रतवारी (चौथी). वरूड-मोर्शीच्या मुलांना संत्र्यांची प्रतवारी पाहून ठाऊक असते. आठ संत्री व एक साधा तराजू घ्यावा. वजनमापे घेऊ नयेत. एका वेळी दोनच संत्र्यांची तुलना करावयाची. सर्वांत जड संत्रे शोधण्यास सात तुलना लागतात. ते बाजूला ठेवून उरलेल्यांतील जड शोधण्यास सहा, मग पाच, असे करीत सर्व संत्री क्रमाने लावण्यास एकूण अठ्ठावीस तुलना होतात. आता दुसरी रीत द्यावी. प्रथम चार जोड्या करून प्रत्येक जोडी लावावी, म्हणजे चार तुलना झाल्या. मग दोन-दोन जोड्या एकत्र करून चाराच्या दोन रांगा कराव्यात. प्रत्येक रांगेस फार तर तीन, म्हणजे एकूण सहा. शेवटी दोन्ही रांगांच्या अग्रभागाची संत्री तोलीत तोलीत एकच रांग करावी. यास फार तर सात. बेरीज सतरा. काम तेच, संत्री तीच, तराजूही तोच. केवळ रीत बदलल्याने अठ्ठावीसचे सतरा झाले. संगणकशास्त्रातील पुष्कळसे श्रम अशी चांगली रीत शोधण्यातच खर्ची पडतात, हे चौथीच्या मुलाला तराजू हाती घेऊन समजते.

यंत्रासमोर

एवढी पूर्वतयारी झाल्यावर मुले यंत्रासमोर बसली तर ती केवळ चित्रे पाहत बसणार नाहीत. आपल्या शाळांत यंत्रे थोडी आणि मुले अधिक, ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावर उपाय वेळापत्रकाचा. तीस मुलांचा वर्ग व दोन संगणक असल्यास तीन-तीन मुलांचे दहा गट करावेत. एका वेळी दोन गट, प्रत्येकी पंधरा मिनिटे, असे धरल्यास पाच फेऱ्यांत, म्हणजे पंचाहत्तर मिनिटांत, सर्वांची पाळी येते. आठवड्यातील दोन तासिकांत हे बसते. उरलेली मुले त्या वेळी वर दिलेल्या खेळांपैकी एखादा खेळतील. गटात कळफलक एकाच्या हाती, सांगणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि पाच मिनिटांनी अदलाबदल, असा नियम ठेवावा. तो न ठेवल्यास घरी मोबाइल असलेले मूल कळफलक सोडत नाही आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

मराठी टंकलेखन प्राथमिक वर्गातच शिकवावे. इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाची रचना वर्णमालेच्या तर्कावर आधारलेली आहे : स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ज्या कळीवर ‘क’ आहे तिच्यावरच शिफ्टसह ‘ख’. ‘ग’च्या कळीवर ‘घ’. ‘त’च्या कळीवर ‘थ’. मात्रा आणि तिचा स्वर हेही एकाच कळीवर. ज्या मुलाने नुकतीच वर्णमाला पाठ केली आहे त्याला ही रचना प्रौढांपेक्षा लवकर साधते. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून मग यंत्राकडून देवनागरी करून घेण्याची सवय एकदा जडली, की शुद्धलेखन आणि वर्णज्ञान दोन्ही मागे पडतात.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात, तंत्रज्ञान हे शिक्षकाला पूरक असावे, त्याची जागा घेणारे नसावे, असा स्पष्ट अभिप्राय दिला आहे. वाचन, लेखन व अंकगणित यांचा पाया कच्चा ठेवून त्यावर संगणकाचा कळस चढविता येणार नाही. पहिली-दुसरीत पडद्यासमोरचा वेळ अगदी थोडा असावा. त्या वयात पटांगणातील पंचवीस चौकोन पुरेसे आहेत.

सावधपणाचे शिक्षण

आरंभी सांगितलेल्या नातवाची आठवण येथे ठेवावी. त्याच्यासाठी चार वाक्ये शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या शेजारी लिहून ठेवण्याजोगी आहेत. मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही, सांगावयाचा नाही. अनोळखी दुवा दाबावयाचा नाही. आपला किंवा मैत्रिणीचा फोटो विचारल्यावाचून पुढे पाठवावयाचा नाही. भीती वाटेल असे काही पडद्यावर आले तर ते न लपविता मोठ्या माणसाला सांगावयाचे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. मुलाने चूक कबूल केली आणि त्याला मार बसला, तर पुढची चूक तो लपवील. आणि फसवणुकीत लपविण्याइतके महाग दुसरे काही नाही. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी ते अडविण्याची शक्यता अधिक असते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक मुलांना पाढ्याप्रमाणे पाठ असावेत.

यंत्र खोटेही बोलू शकते, हेही सांगावयास हवे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आज कोणाचाही आवाज व चेहरा बनविता येतो, आणि अशी साधने अगदी ठामपणे चुकीचे उत्तरही देतात. यासाठी एक सोपा स्वाध्याय आहे. आपल्या गावाविषयी यंत्राला पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे गावातील वडीलधाऱ्यांकडून पडताळून घ्यावीत. किती बरोबर, किती चूक याचा तक्ता मुलांनी करावा. पारावरच्या आजोबांना यंत्रापेक्षा अधिक ठाऊक असते, हा शोध मुलांना आनंद देतो आणि शहाणेही करतो.

मेळघाटातील भाषेचा प्रश्न

धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. हे मूल शाळेत आल्यावर मराठी शिकते, पाठोपाठ इंग्रजी, आणि त्यावर संगणकाची आणखी एक परकी परिभाषा. अशा वेळी यंत्राविना खेळांचा मोठा आधार होतो. कारण ‘पुढे’, ‘वळ’, ‘जड’, ‘हलके’ हे शब्द कोरकूतही आहेत आणि खेळ त्या भाषेत खेळता येतो. गावातील शिकलेल्या कोरकू तरुण-तरुणींची मदत शिक्षकांनी घ्यावी. मुलांनी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी देवनागरीत टंकित केल्या आणि आजीच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, तर संगणक हे आपली भाषा पुसणारे नव्हे, तर जपणारे साधन आहे असे त्या मुलांना वाटेल.

कुलूप आणि किल्ली

खंडेनवमीला वऱ्हाडात अवजारांची पूजा होते. एका शाळेत संगणकावर वाहिलेले हळदीकुंकू लेखकाने पाहिले आहे. चौकशी करता समजले की वर्षातून त्याला हात लागतो तो त्याच दिवशी. एरवी तो कपाटात कुलूपबंद असतो. मुलांनी बिघडविला तर भरपाई कोणी करावयाची, ही तेथील गुरुजींची चिंता होती आणि ती खोटी नव्हती. जड संग्रह नोंदवहीत ज्याच्या नावे वस्तू असते त्यालाच तिचा जाब द्यावा लागतो. परंतु कपाटातला संगणकही काही वर्षांत निकामी होतोच. फरक एवढाच की तो कोणाला काही न शिकविता निकामी होतो.

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलावयास हवा. पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी शाळेत किती यंत्रे आहेत याऐवजी या आठवड्यात किती मुलांचा हात यंत्राला लागला, हे विचारावे. वापरात झालेला बिघाड हा शिक्षकाचा दोष मानू नये. त्याची नोंद व दुरुस्ती यांची सोपी रीत ठरवून द्यावी. ग्रामपंचायतीने शाळेचे वीजबिल, दाब नियंत्रक व वार्षिक दुरुस्ती यांची तजवीज गाव विकास आराखड्यात करावी. एका नव्या संगणकापेक्षा जुने दोन चालू ठेवणे पुष्कळदा स्वस्त पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनी शाळेतील संगणकाची किल्ली कोठे आहे व तो शेवटचा केव्हा उघडला, हे दर बैठकीत विचारावे. शिक्षकांनी आपल्याला सर्व काही आले पाहिजे हा संकोच सोडावा. मुलांबरोबर शिकणारा शिक्षक मुलांच्या नजरेतून उतरत नाही, उलट चूक कशी शोधावी हे तो प्रत्यक्ष दाखवून देतो.

एक सूचना पंचायत सदस्यांसाठी विशेषत्वाने करावीशी वाटते. स्वातंत्र्यदिनाच्या किंवा गांधीजयंतीच्या ग्रामसभेत अर्धा तास शाळेतील मुलांना द्यावा. फसवा फोन कसा येतो आणि काय करावयाचे नाही, हे चौथीच्या मुलांनी नाट्यरूपाने गावाला दाखवावे. अधिकाऱ्यांची भाषणे गावाने पुष्कळ ऐकली आहेत. आपल्याच नातवाने सांगितलेले ते अधिक ध्यानात ठेवील. ज्या दिवशी बांधावरचा तो नातू आजोबांना म्हणेल, ‘‘आबाजी, कळ मी नाही, तुम्हीच दाबा, मी सांगतो तशी,’’ त्या दिवशी शाळेतील पाठ घरी पोहोचला असे समजावयास हरकत नाही.